‘संपूर्ण सहकार्य’ म्हणजे नेमकं काय, ते करारातच लिहा

प्रश्न: मुलुंड पूर्वेला आमची २८ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. पुनर्विकासासाठी बिल्डर ठरला आहे आणि विकास कराराचा मसुदा हातात आला आहे. त्यातलं कलम १४ असं आहे: ‘संस्था व तिचे सर्व सभासद प्रकल्प पूर्ण होईपर्यंत विकासकास वेळोवेळी लागेल ते संपूर्ण सहकार्य करतील. विकासकाने मागणी केल्यापासून सात दिवसांत सह्या न झाल्यास संस्थेची संमती गृहीत धरली जाईल. संस्थेच्या अथवा कोणाही सभासदाच्या असहकार्यामुळे होणाऱ्या विलंबाइतकी प्रकल्पाची मुदत आपोआप वाढेल.’ बिल्डर म्हणतो, हे सगळ्याच करारांत असतं. कमिटीतल्या काहींचं म्हणणं, कलमच काढून टाका. एका सभासदाचा अजून विरोध आहे, आणि एक अमेरिकेत असतो. आम्ही काय करावं?
— सचिव, मुलुंड

उत्तर: नमस्कार. कलम काढू नका. पालिकेत कुठला अर्ज गेला, आराखडा कुठवर आला, मंजुरीत कोणत्या अटी पडल्या हे पुढची दोन-तीन वर्षं तुम्हाला बिल्डरकडूनच कळणार आहे, आणि ते कळवण्याचं बंधन त्याच्यावर घालायला हेच कलम कामी येतं. मात्र आत्ता आहे तसं ते मान्य करू नका. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकापाठोपाठ ओवल्या आहेत: सहकार्याचं वचन, गृहीत संमती आणि मुदतवाढ. पहिलं वाक्य निरुपद्रवी दिसतं, त्याच्या आडून बाकीची दोन निघून जातात. तिन्ही सुटी करा.

करारात सहकार्याबद्दल एक अक्षर नसलं तरी काही बंधन कायद्यानेच येतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ६७ पाहा. ज्याच्यासाठी काम करायचं त्यानेच वाजवी सोय करून दिली नाही, तर त्यापायी राहिलेल्या कामाबद्दल समोरच्याला धरता येत नाही. कायद्यातलं उदाहरण घरदुरुस्तीचं आहे: दुरुस्ती कुठे हवी ते मालक दाखवतच नाही, मग काम झालं नाही याचा दोष कारागिराकडे जात नाही. कलम ५४ चं एक उदाहरण थेट बांधकामाचं आहे. परांची आणि लाकूड मालकाने पुरवायचं ठरलेलं असतं, तो देत नाही, काम अडतं. अशा वेळी कंत्राटदाराने काम करायची गरज नाही, उलट मालकच त्याला भरपाई देणं लागतो. कलम ५३ खाली तर अडवला गेलेला पक्ष करार रद्द करून भरपाई मागू शकतो. तुमच्या प्रकल्पात ही परांची म्हणजे सोसायटीची कागदपत्रं, सह्या आणि रिकाम्या सदनिका.

बंधन असं आहेच. प्रश्न उरतो तो कोणी, काय, किती दिवसांत याचा, आणि तो कायदा सोडवत नाही. न्यायालयही ही पोकळी सहजासहजी भरून देत नाही. नाभा पॉवर विरुद्ध पंजाब स्टेट पॉवर कॉर्पोरेशन या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, न लिहिलेली अट करारात आहे असं मानायला कडक कसोट्या लावल्या. ती अट वाजवी हवी, तिच्यावाचून व्यवहार चालणार नाही अशी हवी, न सांगता समजावी इतकी उघड हवी, स्पष्ट शब्दांत मांडता येण्याजोगी हवी, आणि लिहिलेल्या अटींशी विसंगत नसावी. ‘संपूर्ण सहकार्य’ एवढ्यावर सही केली आणि उद्या भांडण लागलं, तर दोन्ही बाजू त्याचा आपापला अर्थ लावतील. त्यात ज्याने वचन दिलं तो अडचणीत येतो, आणि या कलमात वचन देणारे फक्त तुम्ही आहात.

म्हणून सहकार्याची प्रत्येक कृती वेगळी काढा आणि तिला चार गोष्टी जोडा: कोणी करायची, दिवस कधीपासून मोजायचे, किती दिवस, आणि झाली नाही तर काय. कागदपत्रांपासून सुरुवात करा. करारामागे एक परिशिष्ट लावा. त्यात मालमत्ता पत्रक, सिटी सर्व्हेचा नकाशा, कन्व्हेयन्स डीड (जमीन-इमारत संस्थेच्या नावे करणारा दस्त) आणि त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा गोषवारा), जुना मंजूर आराखडा, जुनी ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येक सदनिकेचं मोजलेलं चटई क्षेत्र, मालमत्ता कर आणि पाणीपट्टीच्या शेवटच्या पावत्या अशी नावानिशी यादी हवी. प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘आज नाही’ असं लिहा. ‘आज नाही’ असेल तिथे तो कागद कोण मिळवणार आणि खर्च कोणाचा, तेही लिहा. हमखास अडणाऱ्या गोष्टी दोन. कन्व्हेयन्स झालेलं असूनही मालमत्ता पत्रकावर संस्थेचं नाव चढवायचं राहून गेलेलं असतं. आणि मयत सभासदाच्या वारसांच्या नावे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) झालेलं नसतं. या दोन्ही गोष्टी करारावर सही होण्याआधीच मार्गाला लावा, नाहीतर पहिल्याच महिन्यात ‘असहकार्या’चं पत्र येईल.

मग कलम असं लिहिता येईल: ‘परिशिष्ट १ मध्ये “आहे” अशी नोंद असलेल्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती संस्था करार नोंदवल्यापासून १५ दिवसांत देईल. मूळ कागदपत्रं संस्थेच्या वकिलांकडे राहतील व दोन दिवसांची लेखी सूचना देऊन विकासकास ती पाहता येतील. परिशिष्टात नसलेला कागद विकासकास हवा असल्यास तो कोणत्या कार्यालयातील कोणत्या अर्जासाठी हवा हे लिहून मागावा. तो संस्थेकडे असल्यास सात दिवसांत दिला जाईल, नसल्यास तसं सात दिवसांत कळवलं जाईल. असं कळवणं हे असहकार्य मानलं जाणार नाही.’

शेवटच्या वाक्यावर अडून राहा. जुन्या इमारतींचे मंजूर आराखडे सोसायटीकडे नसतात आणि पालिकेच्या दप्तरातून काढायला वेळ लागतो. जे तुमच्याकडे नाहीच, ते न दिल्याचं खापर तुमच्यावर फुटू नये.

आता सह्या. येणारा प्रत्येक कागद एकाच मापाने मोजणं ही या मसुद्यातली मोठी चूक आहे. जनरल बॉडीने आधीच मंजूर केलेल्या आराखड्याबरोबर पालिकेत जाणारे अर्ज, झाडांच्या परवानगीचा अर्ज, तात्पुरत्या पाण्या-विजेचे अर्ज हे नित्याचे कागद. सदनिकेचं क्षेत्र, मजला, पार्किंग, सोयी किंवा विक्रीच्या भागाचं प्रमाण ज्याने बदलतं ते बदलाचे कागद. आणि कर्ज देणाऱ्या बँकेला हवे असतात ते तिसऱ्या प्रकारचे.

सात दिवसांत संमती गृहीत धरण्याची अट दुसऱ्या प्रकाराला लावून बघा. सोमवारी बिल्डरने बदललेला आराखडा पाठवला. तो आधी पीएमसीने, म्हणजे संस्थेने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराने, तपासायला हवा. मग जनरल बॉडी, कारण सभासदांचं क्षेत्र बदलणाऱ्या गोष्टीला कमिटी एकटी होकार देऊ शकत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभेलासुद्धा पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पुनर्विकासाच्या सभांसाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत १४ दिवसांची नोटीस सांगितली आहे. याचा अर्थ, सभा नियमाने बोलवायची तर ती भरण्याआधीच तुमची संमती ‘गृहीत’ धरली गेलेली असेल. नियम पाळणाऱ्या सोसायटीला नाही म्हणताच येणार नाही असं हे कलम आहे.

त्याऐवजी असं सुचवा: ‘नित्याच्या अर्जांवर संस्था सात दिवसांत सही करील किंवा हरकत कारणासह कळवील. तसं न झाल्यास विकासक अध्यक्ष, सचिव व पीएमसी यांना स्मरणपत्र देईल. त्यानंतर पाच दिवसांतही उत्तर न आल्यास, अर्ज मंजूर आराखड्याशी जुळतो असा पीएमसीचा लेखी दाखला संस्थेच्या सहीऐवजी पुरेसा मानला जाईल. सदनिकेचं क्षेत्र, स्थान, मजला, पार्किंग, सामाईक सोयी किंवा विक्रीचं क्षेत्र बदलणाऱ्या कोणत्याही कागदास ३० दिवसांची मुदत राहील व मुदतीत उत्तर न आल्यास संमती नाकारली असं समजलं जाईल.’

पहिल्या भागात तुम्ही बिल्डरला खरीखुरी सोय देत आहात, आणि ती द्यायलाच हवी. सचिव गावी गेले म्हणून पालिकेतला अर्ज तीन आठवडे पडून राहणं हे त्याचं खरंखुरं दुखणं आहे. दुसऱ्या भागात मौनाचा अर्थ उलटा केला आहे, आणि त्यात तडजोड नको.

बँकेच्या कागदांना गृहीत संमती अजिबात लावू नका. बिल्डरला प्रकल्पासाठी कर्ज लागतं हे समजू शकतं. पण तारण फक्त त्याच्या विक्रीच्या सदनिकांचं. जमीन आणि सभासदांना मिळायच्या सदनिका यांवर कुठलाही बोजा नाही, आणि बँकेच्या मंजुरीपत्रात तसं स्पष्ट लिहून आल्याशिवाय संस्था कशावरही सही करणार नाही, एवढं करारात असू द्या.

सह्यांना जोडूनच कुलमुखत्यारपत्र येतं. बिल्डर म्हणेल, सगळी कटकट नको, आम्हाला मुखत्यारपत्र द्या. द्यावं लागतंच, पण त्यात कृत्यांची यादी हवी. ‘आणि प्रकल्पासाठी आवश्यक ती सर्व कृत्ये’ अशी शेपटी नको. ‘अपरिवर्तनीय’ या शब्दावरही लक्ष ठेवा. मुखत्याराचा स्वतःचा मालमत्तेत हितसंबंध असेल तर, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, त्याला बाध येईल अशा रीतीने मुखत्यारी संपवता येत नाही, असं करार कायद्याचं कलम २०२ सांगतं. बिल्डर नेमका याच्यावर बोट ठेवतो. म्हणून मुखत्यारपत्रातच लिहा की विकास करार संपला की मुखत्यारपत्रही संपलं, आणि क्षेत्र बदलणं, तारण ठेवणं, प्रकल्प दुसऱ्याच्या हाती देणं हे अधिकार त्यात नाहीत.

तिसरं वाक्य मुदतवाढीचं. सगळ्यात महाग पडतं ते हेच, कारण ‘आपोआप’ हा शब्द त्यात आहे. प्रकल्प चौदा महिने रखडला की बिल्डरचा वकील फायली काढतो. अमुक तारखेला सही सहा दिवस उशिरा झाली, तमुक सभासदाने चावी उशिरा दिली, सोसायटीने पत्राला उत्तर दिलं नाही. त्या सहा दिवसांत आराखडाच मंजूर झालेला नव्हता, म्हणजे सही वेळेवर होऊनही एक वीट हलली नसती, हे दोन-तीन वर्षांनी सिद्ध करणं तुम्हाला फार जड जातं. यावर उपाय म्हणजे विलंबाची नोंद तेव्हाच्या तेव्हा करायला लावणं:

‘संस्थेच्या विलंबामुळे मुदतवाढ हवी असल्यास विकासक विलंब सुरू झाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवील: कोणती कृती राहिली, ती कोणत्या तारखेस देय होती आणि त्यामुळे जागेवरचं किंवा मंजुरीचं कोणतं काम प्रत्यक्ष थांबलं. अशी सूचना न दिल्यास त्या विलंबासाठी मुदतवाढ मागता येणार नाही. मुदतवाढ काम प्रत्यक्ष थांबल्याच्या दिवसांइतकीच व पीएमसीने प्रमाणित केल्यावर मिळेल. त्याच दिवसांत विकासकाच्या स्वतःच्या कारणानेही काम थांबलेलं असल्यास ते दिवस धरले जाणार नाहीत.’

बिल्डर सभासदांना पर्यायी घरासाठी भाडं देतो; मुदतवाढीतलं ते भाडं कोणी द्यायचं यावर खडाजंगी होईल. बिल्डरचं म्हणणं असेल की उशीर तुम्ही केला, मग भाडं मी का देऊ. त्यात तथ्य आहे. मधला मार्ग असा निघू शकतो: सगळ्या प्रकल्पात मिळून पहिल्या ३० दिवसांचा भार बिल्डरने सोसायचा, त्यापुढचे प्रमाणित दिवस संस्थेच्या कॉर्पसमधून, म्हणजे बिल्डरकडून संस्थेला मिळणाऱ्या निधीतून. पण भाड्याचे धनादेश कोणत्याही परिस्थितीत थांबणार नाहीत, हिशेब शेवटी होईल, हे लिहून घ्या. भाडं थांबलं की सभासद घाबरतात, आणि घाबरलेली सोसायटी कसल्याही कागदावर सही करते.

बिल्डरच्या उशिरालाही हाच नियम लागू होतो, तो सोसायट्या विसरतात. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, जिथे मुदत हा कराराचा गाभा आहे तिथे ती उलटून गेल्यावर केलेली पूर्तता तुम्ही मुकाट्याने स्वीकारली, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच ती मागण्याचा इरादा कळवावा लागतो. म्हणून करारात मुदत हा गाभा असल्याचं लिहा, आणि सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) चार महिने उशिरा आली, भाड्याचा धनादेश उशिरा वटला, की त्याच आठवड्यात एक ओळीचं पत्र पाठवा: स्वीकारत आहोत, भरपाईचा हक्क राखून. दररोजच्या उशिराची रक्कम करारात ठरवली असली तरी कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते, न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देतं. त्यामुळे तो आकडा भाडं आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या हिशेबातून काढा. फुगवलेला आकडा न्यायालयात टिकेलच असं नाही.

आता तुमच्या विरोध करणाऱ्या सभासदाकडे येऊ. मसुद्यात ‘संस्था व तिचे सर्व सभासद’ असं आहे. विकास करार संस्था आणि विकासक यांच्यात होतो. म्हणजे २८ माणसं काय करतील याची हमी संस्था देते आहे, आणि एकाने पाय रोवला तरी करारभंग सगळ्या संस्थेचा. हे बदला. संस्थेने वचन द्यायचं ते तिच्या हातातल्या गोष्टींचं: ठराव करणं, त्या सभासदाला ठराव आणि नोटीस बजावणं, वैयक्तिक करार (त्याच्या नव्या सदनिकेबद्दलचा वेगळा करार) देऊ करणं, आणि गरज पडली तर विकासकाबरोबर न्यायालयात उभं राहणं. त्याला हात धरून बाहेर काढणं संस्थेच्या अधिकारातच नाही.

न्यायालयाचा रस्ता चांगला मळलेला आहे. संस्थेने रीतसर ठराव केला असेल, तर सभासदाने विकास करारावर सही केलेली नसली तरी लवाद कायदा, १९९६ च्या कलम ९ खाली त्याच्याविरुद्ध अंतरिम आदेश मिळू शकतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्येच धरलं आणि पुढे अनेक प्रकरणांत हीच दिशा राहिली. फक्त ठराव, नोटिसा, हजेरीपट आणि इतिवृत्त चोख लागतात. आणि त्या सभासदाचं म्हणणं आधी नीट ऐका. पुष्कळदा विरोधामागे क्षेत्राच्या मोजणीतला खरा फरक किंवा म्हातारपणी पर्यायी घर न मिळण्याची भीती असते, आणि ती करार न बिघडवता सोडवता येते.

रिकामं करण्याच्या कलमात एक शब्द शोधा: ‘सर्व’. ‘सर्व सदनिकांचा ताबा मिळाल्यापासून भाडं सुरू’ असं असेल, तर २७ कुटुंबं भाड्याच्या घरात जातील आणि २८ वं जाईपर्यंत एक रुपया येणार नाही. भाडं प्रत्येक सभासदाने चावी दिल्याच्या तारखेपासून सुरू व्हायला हवं. बिल्डरची अडचणही खरी आहे, पाडकाम करता येत नसताना २७ भाडी चालू. म्हणून क्रम बांधा. मंजुऱ्या आणि पाडकामाची परवानगी आल्याचं पीएमसीने तपासल्यावर संस्था रिकामं करण्याची नोटीस काढेल. त्या नोटिशीपासून ३० दिवसांची एकच खिडकी, त्यातच सगळ्यांनी चाव्या द्यायच्या. चावी हातात, धनादेश हातात. खिडकी संपल्यापासून १५ दिवसांत संस्था आणि विकासक मिळून कलम ९ चा अर्ज करतील. या दिरंगाईचा खर्च त्या सभासदाच्या देण्यांतून वळता करायचा असेल, तर तशी तरतूद वैयक्तिक करारात आणि जनरल बॉडीच्या ठरावात आधीच हवी, नंतर सुचून उपयोग नाही.

इतकं झाल्यावर मसुद्यात जे अजिबात नाही ते लिहा: बिल्डरने तुम्हाला करायचं सहकार्य. पालिकेत दाखल केलेला प्रत्येक अर्ज आणि आलेलं प्रत्येक उत्तर यांची प्रत तीन दिवसांत संस्थेला. आयओडीच्या, म्हणजे पालिकेच्या पहिल्या सशर्त मंजुरीच्या, अटींचा तक्ता, कोणती अट पूर्ण झाली याच्या नोंदीसह. पीएमसीला जागेवर कधीही प्रवेश आणि काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बैठक, तीन दिवसांत इतिवृत्त, पाच दिवसांत दुरुस्त्या. आणि इतिवृत्तामुळे करार बदलत नाही, हे एक वाक्य. महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची तिमाही माहिती त्याला भरावीच लागते. बैठकीत सांगितलेली प्रगती तिच्याशी ताडून पाहा, तफावत लगेच लक्षात येते. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी ७९अ च्या निर्देशांत आहे. न्यायालयांनी हे निर्देश मार्गदर्शक स्वरूपाचे मानले आहेत, म्हणून त्यांतलं जे तुम्हाला हवं ते करारात उतरवून घ्या. नुसतं ‘७९अ प्रमाणे’ लिहून भागत नाही.

कोणाशी बोलायचं तेही ठरवा. संस्थेच्या बाजूने नावं नकोत, पदं लिहा: ‘अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी कोणतेही दोन’. कमिटी पाच वर्षांनी बदलते, मध्येही राजीनामे होतात. ‘संस्था’ म्हणजे तो एक मनुष्य असं बिल्डरने धरलं असेल तर त्याचा राजीनामा हाही विलंब ठरतो. दोन्हीकडचे ठरलेले ईमेल पत्ते करारात असू द्या आणि व्हॉट्सअॅपवरचा संदेश ही नोटीस नाही, हे लिहा. गटावर पडलेल्या ‘ओके’चे स्क्रीनशॉट पुढे संमती म्हणून दाखवले जातात.

वाद झालाच तर पायऱ्या छोट्या ठेवा: पीएमसी आणि बिल्डरचा आर्किटेक्ट सात दिवस, मग अध्यक्ष आणि बिल्डरचा निर्णय घेणारा भागीदार १५ दिवस, मग लवाद. लवाद बिल्डर एकटाच नेमेल असं कलम असेल तर ते खोडा. एकतर्फी नेमणुकीला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात नकार दिला आहे. वाद चालू असताना काम आणि भाडं दोन्ही चालू राहतील हे त्याच कलमात हवं.

शेवट कडू झाला तर लागणारं सहकार्यही आजच लिहावं लागतं, कारण भांडण झालेला माणूस नंतर सही करत नाही. करार संपल्यावर मंजुरीच्या मूळ प्रती, नकाशे आणि चाचणी अहवाल १५ दिवसांत परत, बिल्डरच्या आर्किटेक्टची ना-हरकत, महारेरातली पुढची पावलं आणि मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोंद. यातली जी पत्रं आज सही करून ठेवता येतील ती दोघांना मान्य अशा सॉलिसिटरकडे बंद पाकिटात ठेवा, कोणत्या घटनेवर पाकीट उघडायचं ते करारात नमूद करून. नवा बिल्डर आणायची वेळ आलेल्या सोसायट्यांची कामं जुन्या आर्किटेक्टच्या एका ना-हरकतीपायी महिनोन्महिने अडकतात.

अमेरिकेतल्या सभासदाचं काम आत्ताच सुरू करा, करार नोंदवायची वाट पाहू नका. वैयक्तिक करारासाठी त्यांना इथे यायला जमणार नसेल तर मुखत्यारपत्र लागेल. परदेशात राहणाऱ्याचं नोंदणीसाठीचं मुखत्यारपत्र नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेलं आणि साक्षांकित हवं. मूळ प्रत महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ती तारीख दाखवायला कुरियरचं पाकीट आणि पावती जपून ठेवा. मजकूर तुमच्या वकिलांकडून आधी तपासून मगच त्यांना पाठवा: सदनिका क्रमांक, भागपत्र क्रमांक, चावी देणं, भाडं आणि डिपॉझिट स्वीकारणं, वैयक्तिक करारावर सही करून तो नोंदवणं, नव्या सदनिकेचा ताबा घेणं, प्रत्येक कृत्य वेगळ्या ओळीत. मुखत्यार म्हणून घरातलं किंवा सोसायटीतलं विश्वासाचं माणूस असावं, बिल्डरच्या कार्यालयातलं नको. त्यांच्या सदनिकेवर कर्ज असेल तर बँकेच्या ना-हरकतीलाही काही आठवडे जातात, तेव्हा तो अर्ज त्यांना याच ईमेलमध्ये करायला सांगा.